राणीच्या मापाचा खोडा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ऑफिस सांभाळून प्रौढांसाठीच्या अद्भुतरम्य पुस्तकांची चित्रं काढत असे. विषय ठरलेला: एक राणी, एक तळघर आणि तिला जखडणारं काहीतरी जुनं. राणीचे कपडे कमी, केस मात्र कायम विंचरलेले. बेड्यांना गंज चढत नसे. प्रकाशक याला 'ऐतिहासिक' म्हणायचे. वाचनालयात बसून वाचल्यावर मला कळलं, की अशा चित्रांत हमखास दिसणारी काही यंत्रं त्या काळात नव्हतीच. पुढच्या शतकांतल्या लोकांनी ती तिकीट लावून दाखवायला बनवली होती. प्रकाशकांना सांगितलं, तर म्हणाले, "साहेब, वाचक तारीख बघत नाही."

विरारच्या आमच्या सोसायटीत मात्र मी 'इतिहासाचा उपासक' होतो. गणपतीत सेक्रेटरींनी माझी तशी ओळख करून दिली आणि शाल पांघरली. दुसऱ्यांच्या शालींना मी आयुष्यभर हसलो. ही मात्र घडी करून घरी आणली. आतल्या खोलीतल्या भिंतीवरच्या राण्या बाहेरच्या कोणी पाहिल्या नव्हत्या.

एका चित्रात खोडा हवा होता, उभ्या खांबांवरच्या दोन फळ्यांमध्ये मान आणि मनगटं अडकवणारा. मनगटावर सावली कशी पडते ते समजेना. म्हणून अर्नाळ्याच्या, होड्या दुरुस्त करणाऱ्या एका सुताराला नाटकाचं सामान म्हणून खोडा करायला सांगितला. माप दिलं ते चित्रातल्या राणीचं. ती माझ्यापेक्षा अर्धा फूट बुटकी होती.

त्याने तो होडीसारखाच केला. वरची फळी एका बाजूला बिजागरीवर, दुसऱ्या बाजूला आपल्या वजनाने पडणारा आकडा, होडीतल्या मासळीच्या खणावर असतो तसा. "लाटेला उघडनार नाय," तो म्हणाला. "आन् पानी लागलं का लाकूड फुगंल, मंग फट पन नाय दिसायची." मी मनापासून दाद दिली.

श्रावणातल्या एका दुपारी बायको आगाशीला बहिणीकडे गेली होती. आतल्या खोलीत मी खोड्यासमोर आरसा ठेवला, दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्राची गुंडाळी अडकवली आणि वाकून मान, मनगटं खाचांत ठेवली. सावली छान पडली होती. आणखी नीट बघायला मी जरा सरकलो आणि गुंडाळी निसटली. फळी बसली, आकडा पडला. तो माझ्या उजव्या हातापासून वीतभर लांब होता.

पहिली पाच मिनिटं मला हसू येत होतं. मग गुडघे थरथरायला लागले. सरळ उभं राहता येत नव्हतं, खाली बसता येत नव्हतं. पाय सोडले की सगळा भार गळ्यावर यायचा. मला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या आणि अधूनमधून चक्कर यायची. आता आली तर मी पडणार नव्हतो, लटकणार होतो. दमट हवेने फुगलेलं लाकूड हलायला तयार नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली.

"आहात का साहेब?" सेक्रेटरींचा आवाज. "यंदाच्या बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणे तुम्हीच."

दुसरी किल्ली शेजाऱ्यांकडे होती. एक हाक पुरली असती. मी आरशात पाहिलं: माझं डोकं आणि मागे भिंतभर राण्या. मी श्वाससुद्धा रोखून धरला. त्यांच्या चपला जिन्यावरून खाली गेल्या.

मग आरशाच्या कडा काळ्या पडू लागल्या. मी ओरडलो, पण खाली पाण्याचा पंप सुरू झाला होता आणि गळ्यातून फक्त घरघर आली. मी मनात एक, दोन, तीन मोजू लागलो आणि चौदानंतर काय येतं ते आठवेना. त्या क्षणी सगळ्या सोसायटीने रांगेने येऊन मला बघावं, असं मनापासून वाटलं.

कुलूप उघडल्याचा आवाज आला तेव्हा माझा एक गुडघा वाकलेला होता. बायकोने एका हाताने मला कमरेला धरलं, दुसऱ्या हाताच्या बोटाने आकडा उचलला. मी फरशीवर बसलो. तिने पाणी दिलं.

"सेक्रेटरी खाली भेटले. म्हणाले, घरात कोणी नाही."

"मी होतो."

"दिसलं." ती भिंतीकडे बघत राहिली. "तुमच्या या बायकांचे गुडघे बघा. कोणीतरी खुर्ची दिल्यासारख्या उभ्या आहेत."

माझा हात तिने बराच वेळ सोडला नाही.

ते चित्र मी पुन्हा काढलं. गुडघे वाकलेले, तोंड उघडं, डोळे दाराकडे. प्रकाशकांनी परत पाठवलं. "साहेब, ही घाबरलेली दिसते." मी हो म्हणालो. दुसरं काढून दिलं नाही.

अजूनही बेल वाजली की मी असेन तिथून आधी ओ देतो, मग उठतो.