लाकूड झालेला ब्रेड

चंद्रपुरात गव्हाशिवायचा ब्रेड मिळत नाही. तो नागपूरहून आणावा लागतो. नवऱ्याची तिकडे फेरी झाली की तो चार-पाच पाकिटं घेऊन येतो आणि फार मोठं काम केल्यासारखा ती ओट्यावर मांडतो. पाकीट फोडलं की पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवसापासून त्याचं लाकूड व्हायला लागतं, आणि आमच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. एवढ्या लांबून आलेलं अन्न टाकायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं.

हा सगळा खटाटोप मुलीसाठी. ती दुसरीत असताना तिचं पोट सतत बिघडायचं, अंगाला काही लागायचं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हिला गहू चालत नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया सगळं कायमचं बंद. मुलगी शहाणी, तिने मुकाट ऐकलं. वाईट वाटलं ते एकाच गोष्टीचं, मैत्रिणींच्या डब्यात असतं तसं सँडविच आता मिळणार नाही याचं. म्हणून हा तांदळाच्या पिठाचा ब्रेड.

शाळेच्या डब्याला मऊ स्लाइस आणि उरलेले कडक घरच्यांना, असा माझा हिशेब होता. कडक स्लाइस हाताने चुरायचे, ताकाचा हबका मारायचा आणि कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे. वरून सांबार, म्हणजे आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात ते. शिळ्या भाकरीचा कुस्करा करतात तसाच. कधी चुरा ज्वारीच्या पिठात मिसळून धपाटे थापायचे. नवरा म्हणायचा, "ब्रेड आणला मी सँडविचसाठी आणि खातोय कुस्करा." मी म्हणायचे, खा गुमान.

मुलगी हळूहळू भरत चालली होती. त्याच सुमारास सासूबाई राजुऱ्याकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. मी सकाळीच नोकरीवर जाते, त्यामुळे पोळ्या आणि नातीचा डबा त्यांनी आपणहून हातात घेतला. आजी-नात मायलेकीसारख्या एकमेकींना चिकटल्या. नात शेजारी बसल्याशिवाय आजीचं जेवण होत नसे, आणि आजीने आपल्या ताटातला भाताचा घास भरवल्याशिवाय नातीचं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं, खोटं कशाला सांगू.

पण महिन्याभरात मुलीचं पोट पुन्हा दुखायला लागलं. वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी हिच्या पोटात गहू जातोय, शोधा. असंच चाललं तर दाखल करावं लागेल. मी घाबरले आणि घाबरले की मला राग येतो. डबीतल्या हिंगात मैदा असतो असं कळलं, हिंग फेकून दिला. चक्कीवर गव्हामागून ज्वारी दळतात म्हणून घरघंटी घेतली. ब्रेडवाल्याला फोन करून असं काही सुनावलं की त्या बिचाऱ्याने पुन्हा माझा फोनच उचलला नाही. तरी मुलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काही जाईनात.

एक दिवस ऑफिसला सुट्टी होती. सकाळी पोळी घ्यायला म्हणून डबा उघडला, तर गरम पोळ्यांच्या मधोमध पांढऱ्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. फडकं सोडलं. आत ब्रेडचे चार स्लाइस, वाफेने मऊ झालेले, आणि एका कडेला पोळीचं पांढरं पीठ चिकटलेलं.

"आई, हे काय?"

"ब्रेड हाये ना, पोट्टीच्या डब्याचा," त्या तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या. "लाकूड होते तो. कशी चावन ते? गावाकडं शिळी भाकर ताज्या भाकरीइच्या मधात ठेवतो ना, मऊ होते. तसंच करून राह्यलो मी."

"रोज?"

"हाव. काऊन?"

मी सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं. त्या पोळीकडे बघत राहिल्या, ती करपली तरी काढली नाही. मग विचारलं, "म्या गहू तं खाऊ घातला नाई तिले. पीठ लागलं तरी होते?"

"कणभर लागलं तरी होतं, आई."

त्यांनी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसल्या. माझा राग कुठच्या कुठे गेला. नातीला मऊ मिळावं म्हणून त्या रोज सकाळी फडकं गुंडाळत होत्या, आणि तेच तिला बाधत होतं. मला त्यांची फार दया आली.

त्या दिवसापासून त्यांनी नातीच्या जेवणाला हात लावणं सोडलं. ती ताट घेऊन जवळ आली की म्हणायच्या, "तू तिकडं जेव माय, माह्या हाताले पोळी लागली हाये." दोन दिवस मुलगी एकटीच जेवली. तिसऱ्या दिवशी ताट तसंच ठेवून उठली आणि रडत मला म्हणाली, "आजी माझ्यावर रागावली." आजीने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर घरातली सगळी कणीक शेजारी देऊन झाली होती. तवा, पोळपाट, लाटणं घासून गॅलरीत उन्हात टाकलेलं. सासूबाई सांगत होत्या, आता या घरात ज्वारीची भाकर अन् भात. मला काही पटेना. त्यांच्या माहेरी गहू फक्त सणाला यायचा. पोराच्या घरी रोज पोळी खायला मिळते हे त्या गावात मिरवून सांगायच्या. मी म्हटलं, "आई, तुमच्यापुरत्या दोन पोळ्या मी वेगळ्या तव्यावर करत जाईन. आवडतात तुम्हाला."

ओट्यावर लाकूड झालेल्या ब्रेडचं पाकीट होतं, ते त्यांनी मिक्सरमधून फिरवलं. भिजवलेली चण्याची डाळ भरड वाटून त्यात घातली, लसूण, मिरची, मीठ घालून घट्ट गोळे वळले आणि उकळत्या कढीत एकेक सोडले. गोळे वर आल्यावर नातीला हाक मारली, शेजारी बसवली, गोळा भातात कुस्करून फुंकर घातली. मुलीने लगेच तोंड उघडलं.

पहिला घास भरवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "पोळी लय खाल्ली माय म्या," म्हणाल्या. "हे पोट्टीले भरवनं सुटलं होतं चार दिस, तं एक घास उतरला नाई घशाखाली."