भांडणात टिकते ती कवळी

माझे सासरे कवळ्या करतात. दंतवैद्य माप घेऊन पाठवतात आणि आमच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी बसून सासरे मेणात एकेक दात रोवतात. पन्नास वर्षं हेच. पाहुणा आला की ते त्याच्या चेहऱ्याकडे नंतर बघतात, आधी तोंडात. मी या घरात पहिल्यांदा आले तेव्हा बाकीचे माझ्या स्वभावाची चौकशी करत होते. सासरे म्हणाले, "खालचे पुढचे दोन जरा दाटीवाटीने बसलेत, पण चालतील."

त्यांची एक खोड आहे. तयार कवळी ते कोणाच्या हाती देत नाहीत. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात कापूस घालून ती ठेवतात आणि स्वतः बसने गिऱ्हाइकाच्या घरी घेऊन जातात. तिथे बसवतात, कानशीने जरा इथे, जरा तिथे घासतात, मग समोर खुर्ची ओढून म्हणतात, "हं. आता भांडा."

समोरचा गोंधळतो. मग सासरे समजावतात, "खाताना माणूस जपून खातो, बोलताना जपून बोलतो. भांडताना कोण जपतं? भांडणात टिकते ती कवळी." घरात भाऊ, सून, शेजारीण, जे कोणी हाताशी असेल त्याच्याशी ते भांडण लावून देतात आणि स्वतः डोळे मिटून ऐकतात. दात वाजले नाहीत की मान हलवून म्हणतात, "घट्ट आहे."

त्या आठवड्यात सोमवारी सकाळी बाजाराच्या थांब्यावर भरल्या बसमध्ये अतिरेक्यांनी स्फोट घडवला. अकरा माणसं गेली. आपल्या ओळखीचं त्यात कोणी नव्हतं, असं म्हणतानाही लाज वाटत होती. चार दिवस मी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे पाऊल टाकलं नाही. भाजीसुद्धा नवऱ्याने आणली, आणि कशी आणली ते विचारू नका.

शुक्रवारी सासऱ्यांनी डबा काढला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. त्यांची जुनी कवळी तुटली होती. तीन आठवडे बाई दूध आणि सूपवर होत्या, आणि त्याहून वाईट म्हणजे तीन आठवडे गप्प होत्या. बोळकं दिसेल म्हणून कोणासमोर तोंडच उघडत नव्हत्या.

"अहो, कोणाच्या तरी हाती पाठवा," सासूबाई म्हणाल्या.

"आणि घासणार कोण? तो कोणीतरी?"

"मग टॅक्सीने तरी जा बाबा," नवरा म्हणाला.

"पन्नास वर्षं ज्या बसने गेलो, तिला चार दिवसांत टाकू?"

शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. "आजच्या दिवस जा. हिला बरोबर न्या. वाटेत काही म्हणजे काही झालं, तर डबा कायमचा माळ्यावर. आणि काय झालं ते मला ही सांगेल."

डबा माळ्यावर म्हणजे सासरेच माळ्यावर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनाही. मला जायचंय का, ते मात्र कोणी विचारलं नाही. अकरा वर्षांत मी सासूबाईंना सगळी उत्तरं मनातल्या मनातच दिली होती, तेव्हाही तिथेच दिलं.

बस अर्धी रिकामी होती. एरवी या बसमध्ये खिडकी उघडण्यावरून, पायावर पाय पडण्यावरून रोज जुंपायची. आज चिडीचूप. जो तो आपली पिशवी मांडीवर घेऊन दुसऱ्याच्या पिशवीकडे बघत होता. कंडक्टरसुद्धा कुजबुजत तिकिटं देत होता.

सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे जागा धरायला सीटवर डबा ठेवला आणि ते पुढे ड्रायव्हरपाशी गेले. ड्रायव्हरचे वरचे चार दात यांनीच केलेले. त्यांची विचारपूस केल्याशिवाय यांचा प्रवास सुरू होत नाही. मी मागच्या सीटवर होते.

"हा डबा कोणाचा?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

झाकण सैल झालं म्हणून सासऱ्यांनी डबा तांब्याच्या तारेने करकचून बांधला होता. मी पहिल्यांदाच तो परक्याच्या नजरेने पाहिला आणि तो मला बॉम्बसारखाच दिसला. 'आमचा' म्हणायचं, बस. पण बसमधली सगळी डोकी वळली आणि माझी वाचाच बसली.

"कोणाचा आहे डबा?" या वेळी त्या किंचाळल्याच. बस थांबली. ढकलाढकली करत लोक उतरले. डबा आमचा, आत राहिलेले सासरे आमचे, आणि फुटपाथवर सगळ्यांच्या पुढे मी.

सासरे सर्वांत शेवटी उतरले, डबा छातीशी धरून. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मग सगळ्यांचे चेहरे पाहून त्यांनी तार सोडली आणि झाकण उघडलं. कापसावर वरची आणि खालची बत्तिशी व्यवस्थित बसलेली होती.

"अक्कल आहे का आजोबा?" त्या बाई म्हणाल्या.

"चुकलं माझं," सासरे म्हणाले. "आज तरी असा ठेवायला नको होता."

विषय तिथे संपला असता. पण एक ब्रीफकेसवाले गृहस्थ बाईंना म्हणाले, "तुम्हीही काय, ओरडायच्या आधी नीट विचारायचं."

"विचारलं होतं. तुम्ही मोबाईलमध्ये डोकं घातलं होतं. आणि उतरताना मला ढकललंत ते?"

"मी? मागून यांनी ढकललं."

मग हे, मग ते, मग कंडक्टर. सगळे भांडतच चढले. खिडकीपाशी आधी कोण होतं यावरून आणखी दोघांची जुंपली, कोणीतरी फिसकन हसलं. चार दिवस गिळलेला आवाज बसभर झाला होता. सासरे डबा मांडीवर घेऊन डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, शरमले. मग पाहिलं तर मान हळूहळू हलत होती.

शिक्षिकाबाईंना कवळी बसवली, पण त्या भांडेनात. तोंडापुढे हात धरून बसल्या. तेव्हा सासऱ्यांनी बसमधला किस्सा सांगितला. बाईंचा हात खाली आला. "डबा सोडून जाता? या दिवसांत? या वयात?" पुढची दहा मिनिटं त्यांनी सासऱ्यांना वर्गात उभं केल्यासारखं झापलं. एकही दात वाजला नाही. झापून झाल्यावर त्यांनी टोस्ट मागितला आणि कुरुमकुरुम आवाज करत खाल्ला. तो आवाज ऐकून मला रडू आलं.

परत येताना सासऱ्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला होता. दाराशी आल्यावर म्हणाले, "झालं ते सगळं सांग. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी माळ्याकडे बोट केलं. नवऱ्याने लगेच स्टूलही आणलं.

"स्टूल ठेव ते," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "डबा बाबांनी सोडला, पण आमचा म्हणायचं मी सोडलं. उलट पळाले. त्यांना माळ्यावर टाकणार असाल तर मलाही टाका. पुढच्या वेळीही ते बसनेच जातील. मी बरोबर जाईन. डबा माझ्या मांडीवर असेल."

"तू मध्ये बोलू नकोस," नवरा म्हणाला.

"मीच बोलणार."

सासूबाई माझ्यावर, मी सासूबाईंवर, नवरा दोघींवर. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. भाजीसुद्धा निघाली. समोरच्यांनी खिडकी उघडून पाहिलं. सासरे खुर्ची ओढून डोळे मिटून बसले होते.

दम लागून आम्ही तिघं थांबलो, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"घट्ट आहे," ते म्हणाले, आणि डबा घेऊन मागच्या खोलीत गेले.