सालीपर्यंतचा हात

सुरतेतल्या आम्हा खानदेशी लोकांची थंडीतली भरीत पार्टी म्हणजे मोठी गोष्ट. डिंडोलीच्या मोकळ्या प्लॉटवर कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, गावाकडून आलेली हिरवी वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीशी खायची. लूमवरचे, सचिन भागातल्या डाइंग मिलमधले, सगळे एका पंगतीला. बाहेरच्यांना आम्ही एवढंच सांगायचो.

आतलं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. जाळापाशी आम्ही बौद्ध घरांतली माणसं. धूर आमचा, चटके आमचे. भाजलेलं वांगं पलीकडच्या सतरंजीवर पोचवायचं. सोलणारे, ठेचणारे हात वरच्या जातींतल्यांचे. सालीला आमचा हात चालायचा, गराला नाही. तोंडाने कुणी म्हणत नसे. घमेलं वाहायचं काम माझं. पार्टी भरवणाऱ्या मंडळाचे अप्पा 'हा आपलाच माणूस' म्हणायचे, तेवढ्यावर मी खूश.

एका वर्षी आईने बोलता बोलता एक वांगं सोललं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मीच ते तिच्या हातातून घेतलं आणि राखेत टाकलं. ती पदराला बोटं पुसत राहिली. नंतर ती भरीत पार्टीला कधी आली नाही. आता तर ती नाहीच.

यंदा माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, आमच्या वस्तीतल्या बायका जमवल्या. त्यांनी वांगी भाजली आणि आपल्यापुढेच परातीत मांडून ठेवली.

"ताई, पाठवा की वांगी, निवतायत," अप्पांनी हाक मारली.

"निवू द्या. सोलताना चटके बसायचे नाहीत."

"अहो, सोलायला इकडे माणसं आहेत."

"इकडेपण माणसंच आहेत, अप्पा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अप्पा हसले नाहीत. "दरवर्षीची पद्धत आहे. लोक उठून जातील."

"जाऊ द्या. त्यांच्या घरी चुली आहेत."

मग अप्पा माझ्याकडे वळले. "भाऊ, घमेलं आण."

सवयीने मी उचललंही. ताई बघत राहिली. मी घमेलं पालथं घातलं, त्यावर बसलो आणि परातीतलं एक वांगं घेऊन सोलायला लागलो.

"आईने सोललेलं मी राखेत टाकलं होतं," मी म्हणालो. आवाज पंगतीच्या टोकापर्यंत पोचला. "हे टाकणार नाही. ज्याला चालत नाही त्याने उठावं."

उठले. बरेच उठले. माझ्या शेजारच्या मशीनवर काम करणारेही. अप्पा उभेच राहिले, ना गेले ना बसले. बायकांनी ठेचायला घेतलं.

उरलेल्यांना भरीत भरपूर झालं. ताईने मला दोनदा वाढलं.

"आईचं तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तिने तेव्हाच सांगितलं होतं. खा आता. मिरची कमी पडली का बघ."

कमी नव्हती. नाकातोंडातून धूर निघेल असं झणझणीत होतं. उठून गेलेल्यांच्या घरापर्यंत वास गेला असेल. जाऊ दे.