वंदाच्या कानापाशी दिसलेला उजेड

घरात भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून भांडी घासायला जाते. देवाला हात जोडते तेही सवयीने. त्यामुळे असलं काही मी लिहायला बसलेय याचं आमच्या ह्यांना फार हसू येतंय. येऊ दे. नव्वदच्या दशकात, जुईनगरच्या आमच्या घरात जे झालं ते मी पाहिलं तसं सांगते…

दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला, खिडकीतून नुसते रिकामे प्लॉट दिसायचे. आम्ही दोघं, धाकटे दीर प्रकाशभावोजी आणि त्यांची बायको वंदा. दोघे भाऊ वाशीच्या मार्केटात कामाला, मी एका शाळेच्या ऑफिसात. वंदा कोरेगावकडची, हसरी, कामाला वाघ. पण अधूनमधून "आक्का, डोकं उठलं बगा" म्हणून जी आडवी व्हायची, ती दुसऱ्या दिवशीच उठायची. उलट्या व्हायच्या. खिडकीला चादर लावावी लागायची.

पहिल्यांदा ज्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं ते घाईत होते. "टेन्शन असतं का?" त्यांनी विचारलं. आता आमच्याकडे टेन्शन कुणाला नसतं? दूधवाला आला नाही तरी टेन्शन! वंदा म्हणाली, "असतं की." झालं. कागदावर 'टेन्शन हेडेक' आलं आणि घरी महाभारत सुरू झालं. गावाहून आलेल्या सासूबाई उठता-बसता विचारायच्या, "आमच्यात तुला कसलं गं टेन्शन?" भावोजी दुखावले ते वेगळेच. ते डोकेदुखीच्या एका प्रकाराचं नाव आहे, हे कुणाला पटेचना. वंदा मग दुखलं तरी गप्प बसायला लागली. मला तिची काळजी वाटायची, आणि बाकीच्यांचा रागही यायचा.

त्याच दिवसांत एकदा ती मेथी निवडत बसली होती. तिच्या डाव्या कानापाशी, हवेत, मला पांढरा उजेड दिसला. कडा करवतीच्या दातांसारख्या, आणि सगळा थरथरणारा… स्टीलच्या परातीची तिरीप असेल म्हणून मी परात उचलली. उजेड तिथेच. थोड्या वेळाने तो विझला आणि वंदा म्हणाली, "उठलं बगा." मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

मग कुणीतरी चेंबूरच्या दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं नाव सुचवलं. वयस्कर, शांत गृहस्थ. म्हणाले, "टेन्शन राहू द्या. दुखायच्या आधी काय होतं?"

"डोळ्यांपुढे काजवे चमकतात," मीच बोलून गेले, आपण म्हणतो तसं.

"तुम्ही नको. त्यांना सांगू द्या."

वंदा म्हणाली, "काजवं न्हाईत. पांढरं असतंय. करवतीचं दात असल्यावानी. थरथरतंय… डाव्या अंगाला."

मेथी निवडताना मला दिसलेला तो हाच उजेड. मी हे तिला कधीच सांगितलं नव्हतं!

डॉक्टर म्हणाले, हा मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी. एक गोळी रोजची दिली आणि दुसरी, ते दात दिसायला लागले की लगेच घ्यायची. निदान अगदी बरोबर होतं. वंदाला खूप फरक पडला. माझं मात्र उलटं झालं. उजेड दिसला की मी म्हणायचे, "वंदा, गोळी." ती चकित. "तुमाला कसं कळतंय?" "तुझ्या तोंडावरून," मी थाप मारायचे. आपल्यालाच वेड लागतंय की काय, या भीतीने जेवण जात नव्हतं. ह्यांनाही सांगितलं नाही.

मग तो रविवार. दुपारची जेवणं झाली होती. मी मान वर केली तर वंदाच्या कानापाशी उजेड… पण थरथरत नव्हता. स्थिर होता.

"वंदा, दिसतंय का गं?"

"न्हाई आक्का. आज काय बी न्हाई. मानंत मातर एकदम कळ आली."

ती पाणी प्यायला आत गेली, उजेड तिच्याबरोबर गेला. बाहेर आली, तोही आला. भावोजी म्हणाले, "वहिनी, तिला गोळी द्या, झोपू द्या." गोळी माझ्या हातात होती. ती माझ्याच्याने देववेना. "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल," मी ओरडलेच.

वाशीच्या एका हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता. भावोजींच्या डोक्यात अजून तो पहिलाच कागद, त्यांनी सांगून टाकलं, "काही नाही, तिला टेन्शनचं जुनं आहे." तो मान डोलावून इंजेक्शन भरायला लागला. आता मी काय सांगणार? उजेड थरथरत नाहीये म्हणून?

"ती बेशुद्ध पडली होती," मी म्हटलं. साफ खोटं. भावोजी आ वासून माझ्याकडे बघत राहिले. पण त्या एका शब्दाने डॉक्टरचा हात थांबला आणि स्कॅन झालं.

मेंदूतली एक शीर फुगून झिरपत होती. तिला मुंबईला हलवलं, ऑपरेशन झालं. ती पुन्हा "आक्का" म्हणेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

नंतर चेंबूरच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, "मायग्रेन होताच. पण मायग्रेनवाल्याला दुसरं काही होत नाही असं थोडंच आहे? झोपवलं असतंत तर कठीण होतं." मग मला विचारलं, "बेशुद्ध किती वेळ होत्या?" मी खरं ते सगळं सांगितलं.

त्यांनी मला तपासलं. "डोकं न दुखताही मायग्रेनचे दिवे दिसतात, तुम्हालाही तेच असेल," ते म्हणाले. मला केवढं हायसं वाटलं! मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही नजर फिरवली की तेही फिरतं ना? आपल्याच डोळ्यांतलं असलं की फिरतंच."

"नाही. ती फिरली की फिरतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या कागदावर लिहिलेलं 'मायग्रेन' खोडलं. म्हणाले, "मग हा मायग्रेन नव्हे."

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मला असलं कधी दिसलं नाही. वंदा आणि भावोजी आता साताऱ्यात असतात, छान चाललंय त्यांचं. मी सारखी फोन करते. "बरी हाय आक्का, तुमी उगं काळजी करता," ती हसून म्हणते. आवाज ठणठणीत असतो. पण फोनवर कान दिसत नाही हो.