मोरचुदाची बादली आणि माझी लाथ

आधी चहा संपवा, मग ऐका. नाहीतर ठसका लागेल आणि बोल मला लागेल. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात भल्याभल्यांची ढोंगं चव्हाट्यावर आणली, त्या माणसानं, म्हणजे मी, एकदा अख्ख्या गावासमोर ओरडून सांगितलंय, "अहो, मी खरोखरच मूर्ख आहे! विश्वास ठेवा!" आणि कुणी विश्वास ठेवेना!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि एका बुवाच्या मागावर होतो. हा बुवा म्हणे मंतरलेल्या पाण्यात लोखंड बुडवायचा आणि तांबं करून काढायचा. पुढच्या अमावस्येला त्याच तांब्याचं सोनं! पहूरला गेलो, तर बुवा पाचोऱ्याला. पाचोऱ्याला गेलो, तर बुवा पारोळ्याकडं. संपादक तर मला तोंडावर म्हणाले, "त्या बुवाचा चमत्कार राहू द्या. तुम्हाला तो सापडला, तर तोच चमत्कार!"

सांगा, डोकं फिरणार नाही?

तशाच फिरलेल्या डोक्यानं पारोळ्याच्या पुढं एका गावात एसटीतून उतरलो. फाट्यावर चहाची टपरी. चहावाल्याला म्हटलं, "काय हो, इथं काही चमत्कार वगैरे चालू आहे का?"

"चमत्कार म्हना, काय म्हना," तो म्हणाला. "वडना झाडखाल दखा. येक पोऱ्या शे. इळा पानीमा बुडाडस नि तांबाना करी काढस. बठ्ठं गाव तठेच शे."

मी चहा तसाच ठेवून पळालो!

वडाखाली गर्दी. मधोमध पांढऱ्या शर्टातला एक किडकिडीत पोरगा. समोर दोन मडकी आणि प्लॅस्टिकची बादली, बादलीत आभाळी रंगाचं पाणी. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं विळा बुडवला आणि वर काढला. पात्यावर लालसर तांबं! म्हातारी माणसं आ वासून बघतायत.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय विचारलं असतं? निदान नाव तरी विचारलं असतं ना? मी नाही विचारलं. गर्दी फोडून घुसलो. "बंद करा ही लुबाडणूक! ढोंगी! भोंदू!" असं गरजलो आणि दिली एक सणसणीत लाथ. बादली आडवी. पाणी थेट पुढच्या रांगेतल्या आबांच्या धोतरावर!

"ये भाऊ, तुले काय व्हयनं?" आबा धोतर झटकत उठले. "बादलीले लाथ कसाले मारी?"

पोरगा पांढराफटक पडला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, मी कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी. सुभाष. शेतकी शाळेत मास्तर व्हायचंय मला. आज माझा परीक्षेचा पाठ आहे. मागं खुर्चीवर बसलेत ते आमचे सर. हा पाठ पडला, की ती वाट बंद."

मी मागं पाहिलं. जाड चष्म्याचे सर शांतपणे काहीतरी लिहीत होते. पण आमची जात माघार घेणाऱ्यांची नव्हे! मी पुटपुटलो, "मग लोखंडाचं तांबं कसं झालं?"

पोराचे डोळे एकदम चमकले. "हेच जोरात विचारा ना साहेब!"

विचारलं. मला जोरात बोलायला सांगावं लागत नाही.

"चांगली शंका आहे!" सुभाष गावाकडं वळला. एका मडक्यात मोरचुदाच्या निळ्या खड्यांचं पाणी शिल्लक होतं, दुसऱ्यात चुन्याचं. बुरशीवरचं फवारणीचं औषध करायला दोन्ही त्यानं बादलीत ओतलं, चुना मुद्दाम कमी. मग माझ्यापुढं हात केला. "तुमच्याजवळ काही लोखंडी आहे?"

पेन्सिल तासायचा चाकू होता. बुडवला. माझ्याच हातात पातं लाल झालं!

"आते हाऊ बी बुवा व्हई गया!" आबा ओरडले आणि सगळा वड हसला.

"मंतर नाही आबा, चुना कमी पडलाय," सुभाष म्हणाला. "मोरचुदातलं तांबं मोकळं राहिलं, ते पात्यावर बसलं. असं औषध लिंबाच्या बागेवर मारलं तर पानं करपतील." त्यानं चुना वाढवला. चाकू घासून स्वच्छ केला, पुन्हा बुडवला. पातं जसंच्या तसं! "आता खुशाल फवारा."

मागं झोपाळलेली मंडळीसुद्धा सरसावून बसली. ज्याला त्याला आपला विळा बुडवून बघायचा होता. पाठ असा रंगला म्हणता! मी सुटकेचा श्वास सोडतोय, तोच सर उठले.

"सुभाष, पाठ उत्तम. पण शंका विचारायला आपला माणूस आधीच पढवून बसवायची ही खोड मला ठाऊक आहे. याचे मी गुण कापतो. लाथबीथ मारायची म्हणजे फारच झालं."

"सर, मी यांना ओळखत नाही हो!" सुभाष रडकुंडीला आला.

"मी पत्रकार आहे!" मी गरजलो.

"वा! अजून भूमिकेत आहेत," सर कौतुकानं म्हणाले. मी ओळखपत्र काढलं. ते म्हणाले, "कार्डसुद्धा छापून आणलंत?"

आली का पंचाईत? पोराला वाचवायचा आता एकच मार्ग होता: आपण नट नसून अस्सल मूर्ख आहोत हे सिद्ध करणं!

"सर, मला खरंच वाटलं हा भोंदू आहे!"

"बादलीत मोरचूद आहे, हे ओळखलं नाहीत?"

"नाही!"

"पाठ चाललाय, हेही कळलं नाही?"

"अजिबात नाही! शपथेवर सांगतो, मला काडीचं काही कळलं नव्हतं!"

सर मान हलवत राहिले. "इतका कुणी असतो का?"

शेवटी चहाच्या पैशासाठी माझ्यामागं आलेला चहावाला धावून आला, देवासारखा. "सर, हाऊ माले इचारे, चमत्कार कोठे शे म्हनीसन. मी वाट दखाडी, तं च्या सोडीसन पयना!"

सरांनी चष्मा काढून माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाले, "हं. असू शकतो." आणि गुण जसेच्या तसे ठेवले! सुभाषनं माझा हात धरला आणि माझा जीव भांड्यात पडला. इतक्या आनंदानं अपमान मी त्याआधी कधी झेलला नव्हता.

पुढं सुभाष खरोखरच धुळ्याकडच्या एका शेतकी शाळेत मास्तर झाला. एकदा त्यानं आग्रहानं पाठ बघायला बोलावलं. मी ऐटीत मागच्या खुर्चीवर. तीच मडकी, तशीच बादली. विळा लाल होऊन वर आला आणि तेवढ्यात एक पोरगा ताडकन उठला, "ढोंगी! भोंदू! बंद करा!" म्हणत बादलीवर लाथ उगारून धावला.

माझं रक्त खवळलं. भर वर्गात उभा राहून ओरडलो, "कोण रे हा बेअक्कल?"

सुभाष खाली मान घालून चुना ढवळत राहिला. पोरगा मात्र भाबडेपणानं म्हणाला, "काका, आज माझी पत्रकार व्हायची पाळी आहे."