अप्पाला विचारा

‘‘खालीच थांब. तिथूनच इचार की, वर कामून येयलास?’’

चावडीची पायरी चढायला उचललेला माझा पाय तसाच मागं आला. वर ओट्यावर गावचे पाटील पानाला चुना लावत बसले होते. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. मी नवा ग्रामसेवक. खांद्याला सरकारी पिशवी, अंगात परीटघडीचा सदरा. निजाम गेला तेव्हा माझ्या गावच्या महारवाड्यानंही गूळ वाटला होता. पायरी मात्र होती तिथंच होती.

उन्हात उभं राहून मी विचारलं, ‘‘महारवाड्यात प्यायच्या पाण्याची काय सोय आहे?’’

‘‘पानी रग्गड हाय. लिही.’’

मी लिहिलं नाही. ज्या वस्तीला पाणी नाही तिथं सरकार विहीर पाडणार होतं. हे एक वाक्य लिहिलं की वस्तीची विहीर बुडाली.

मग वस्तीत गेलो. माझ्याच जातीची माणसं. पहिल्या दारात म्हातारा हात जोडून म्हणाला, ‘‘अप्पाला विचारा.’’ पुढच्या दारात तेच. सरकारी माणसाला गावाबद्दल सांगायचं ते पाटलानं, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, अशीच तिथली रीत. मला त्यांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःची कीव आली.

गावच्या विहिरीपासून लांब एक बाई रिकामी घागर पुढ्यात घेऊन बसली होती. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. माझी आई अशीच बसायची.

‘‘अक्का, पाण्याची अडचण आहे का?’’

तिनं घागरीकडं बघितलं. ‘‘अप्पाला विचारा, बाबा. तुमी सांजच्याला जाताल. आमाला हितंच ऱ्हायचंय.’’

खालमानेनं परत आलो.

कोरा कागद बघून तहसीलदार ओरडले, ‘‘इत्तीसी बात पूछ के नै आ सकते? नौकरी कैसा करते जी तुम?’’ कचेरी खो खो हसली. एक कारकून बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘पाटील सांगतेत ते लिहून मोकळं व्हायचं. म्हाइती म्हंजे तीच.’’ कामात कच्चा, असा माझ्यावर शेरा बसला. पुन्हा कोरा कागद आणलास तर घरी बस, असंही बजावलं. घरी माझ्या पगाराशिवाय चूल पेटत नव्हती. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू?

पुन्हा त्या गावी गेलो. या वेळी चावडीकडं वळलोच नाही. त्या बाईशेजारी मातीत बसलो. बाया यायच्या, भरल्या घागरी घेऊन निघून जायच्या. ऊन डोक्यावर आलं. घसा सुकला. शेवटी एकीनं अर्धी घागर ओतली, तीही निम्मी भुईवर.

तेवढ्यात अप्पांचा गडी आला. ‘‘अप्पा बलवायलेत. म्हाइती घिऊन जा म्हनं.’’

‘‘त्यांना सांग, मी विचारायला आलो नाही. बघायला आलोय.’’

तिथंच मांडीवर कागद ठेवून लिहिलं : पाणी नाही.

तहसीलदारांनी अप्पांचंच खरं धरलं. विहीर झाली नाही. माझी बदली झाली, लांब औरादच्या पलीकडं. ती बाई अजून तिथंच बसत असेल. मला तिच्यासाठी काही करता आलं नाही, आणि हे आठवलं की आजही जेवण गोड लागत नाही.

नव्या गावातही चावडी होती. तिथूनही हाक आली, ‘‘खालीच थांब.’’

मी थांबलो नाही. विहीर कुठं आहे ते शोधलं आणि रिकाम्या घागरींशेजारी जाऊन बसलो. नोकरी राहो नाहीतर जावो, पायरीखाली उभं राहून मी कुणाला काही विचारणार नाही.