हत्यारांचा प्रवास खाजगी नाही

तुम्ही सकाळी कामावर निघता तेव्हा पाठीवर किती वजन असतं?

माझ्या पाठीवर असतं ते मला मंचरच्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात उचलून दाखवावं लागलं. दोनदा.

"उचल बरं परत. बघू तरी," मालक म्हणाले. मी बॅग परत उचलली. "एवढंच व्हय? आमचा पोरगा जिममध्ये याच्या दुप्पट उचलतो." दोघं हसले. सल्लागार म्हणाला, "आता जिन्यात ठेव. फरशीला ओरखडे पडतील."

मी वायरमन. राहतो अवसरी बुद्रुकला. काम राजुरीजवळ, एका शीतगृहाच्या बांधकामावर. मालक म्हणजे त्या शीतगृहाचे मालक. माझं बिल ते कर कापून देतात, म्हणून मला विवरणपत्र भरावं लागतं. ते भरणारा सल्लागारही त्यांचाच.

माझ्या बहिणीला नर्सिंगला जागा मिळाली होती. फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. तहसील कचेरीत माझं विवरणपत्र बघितलं आणि अर्ज परत केला. उत्पन्न मर्यादेच्या वर. जरासंच वर. माझ्या मोटरसायकलचं पेट्रोल वजा झालं असतं तर खाली आलं असतं. ते वजा होईल का, एवढंच विचारायला मी गेलो होतो. मालकही त्यांच्या कागदांसाठी तिथं आले होते.

"घर ते कामाची जागा हा प्रवास खाजगी," सल्लागार म्हणाला. "तो खर्च धरत नाहीत."

"साहेब, मी एकटा असतो तर एसटीनं गेलो असतो. ड्रिल, कटर, घडीची शिडी... कंडक्टर चढू देत न्हाई. गाडी हत्यारांसाठी हाय."

"मग हत्यारं साइटवर ठेवायची."

मी मालकांकडे बघितलं. नियम त्यांचाच होता. हत्यारं रोज संध्याकाळी घरी न्यायची, चोरी झाली तर जबाबदारी आमची नाही. मालक मोबाइल चाळत राहिले.

"बरं, पेट्रोलच्या पावत्या?"

होत्या. वर्षभराच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी त्या हत्यारांच्याच बॅगेत जपल्या होत्या. बॅग दिवसभर तापल्या पत्र्याखाली. पंपावरच्या कागदाची शाई उष्णतेनं मरते, हे मला कोण सांगणार? सल्लागारानं एकेक पावती टेबलावर मांडली. काही काळवंडलेल्या. बाकी कोऱ्या.

"कोरे कागद घेऊन आलाय राव!" मालकांना हसू आवरेना. "आन् बॅग काय नवरी हाय का, रोज मिरवून न्यायला?"

त्याच टेबलावर मालकांच्या मोटारीच्या डिझेलची फाइल होती. ते पुण्याच्या बंगल्यातून साइटवर येतात. गाडीत त्यांच्याशिवाय काही नसतं. तो प्रवास धंद्याचा.

मग मालक नरमले. "जाऊ दे. तू वर्षात चारच महिने काम केलं असं मी लिहून देतो. बाकी हे बघतील. हात जोड आन् कागद घे."

माझे हात जुळायला लागले. खरं सांगतो. बहिणीचा चेहरा समोर होता. अर्धे जुळलेही.

मग तोंडातून निघालं, "मालक, खोटं कशाला? खरंच लिवून द्या की. हत्यारं साइटवर ठेवू देत न्हाई, रोज न्यावी लागतात. एक ओळ."

"ते न्हाई लिहिणार."

खोटं लिहायला तयार, उपकार म्हणून. खरं लिहायला नाही. खऱ्यात त्यांची जबाबदारी येते.

मी हात खाली घेतले. जिन्यातली बॅग उचलली आणि उतरलो.

मुदत गेली. जागा गेली. बहीण आता नारायणगावला टोमॅटो निवडायला जाते. घडलेलं तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, जोडले असते हात तर?"  

पण त्या टेबलापुढं माझे हात पुन्हा जुळणार नाहीत. आता रोज निघताना वहीत लिहितो. तारीख, गाव, साइट, सोबतची हत्यारं. पावतीचा फोटो त्याच दिवशी. ह्यानं कायदा बदलत नाही, मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी माझा कागद कोरा नसेल.

तुम्ही सुतार असा, प्लंबर असा, फरशी बसवणारे असा. उद्या निघण्याआधी वहीत तारखेची, हत्यारांची ती ओळ लिहा. आणि मालकाकडे दुसरी ओळ लेखी मागा. हत्यारं साइटवर ठेवू देत नाही, एवढीच. नाही म्हणाला तर मागणीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच हातात पडेपर्यंत जागचे हलू नका.